ओला फुगा, कोरडा फुगा

विदर्भ एक्सप्रेसने नागपूरहून मुंबईला येणाऱ्या माणसाला मुंबईची हद्द कुठे लागते हे कुणाला विचारावे लागत नाही. त्याची मानच त्याला ते सांगते. पहाटे गाडी इगतपुरीला थांबते, चहावाले ओरडत डब्याखालून जातात, अंगावरची चादर अजून हवीशी वाटत असते. मग गाडी थळ घाटात शिरते, एकामागून एक बोगदे मागे टाकीत सुमारे हजार फूट खाली उतरते. आणि कसारा येतो न येतो तोच, कुणीतरी कोमट पाण्यात बुडवून पिळलेला पंचा आपल्या मानेभोवती गुंडाळला आहे असे वाटू लागते. तो पंचा परतीची गाडी घाट चढेपर्यंत काही सुटत नाही.

गेली पस्तीस वर्षे मी या घाटातून ये-जा करतो आहे. जन्म नागपूरच्या महालातला आणि पोट मुंबईतल्या एका बँकेवर. त्यामुळे दोन्हीकडच्या हवेची निंदा ऐकणे आणि दोन्हीकडच्या हवेची बाजू घेणे, हे दोन्ही उद्योग माझ्याकडे आले. मुंबईकर विचारतात, "काय हो, तुमच्या नागपुरात म्हणे चव्वेचाळीस! माणसे जगतात तरी कशी?" नागपूरकर विचारतात, "तुमच्या मुंबईत अंगच वाळत नाही म्हणते बाप्पा! माणूस झोपते तरी कसा?" मी दोघांनाही हसून काहीतरी उत्तर देत असे. पण दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात हा थट्टेचा विषय माझ्या चांगलाच अंगाशी आला. ती हकीकत सांगायची तर आधी वाचकांना दोन घरांतून फिरवून आणले पाहिजे.

पहिले घर महालातले. जुने, जाड भिंतींचे, मध्ये चौक असलेले. मे महिन्यात सकाळी नऊला दारे-खिडक्या बंद करायच्या आणि संध्याकाळी सहानंतर उघडायच्या, हा तिथला कायदा. दुपारी रस्ता ओस पडतो. एखादा सायकलवाला डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून जीव मुठीत धरून जातो. बाहेर झळा लागतात, डोळ्यांची आग होते. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. पण घरात? आमच्या लहानपणी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या असत. दर अर्ध्या तासाने त्यांच्यावर पाणी मारायचे काम आम्हा पोरांचे. बाहेरचा भट्टीतला वारा त्या ओल्या वाळ्यातून आत यायचा तो गार होऊन, वर सुगंध घेऊन यायचा. पुढे पत्र्याचा कूलर आला. त्यातही युक्ती तीच. फक्त पाणी पंप मारतो आणि वारा पंखा ओढतो, एवढाच फरक. माठातले पाणी दाताला लागे. आई सकाळी गच्चीवर कुरडया घालायची त्या दुसऱ्या दिवशी खडखडीत वाजत. धुतलेले धोतर दोरीवर टाकून जेवायला बसावे, तर ताक-भात होईपर्यंत ते वाळलेले असे. रात्री गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे टाकली की पहाटे पायांशी चादर शोधावी लागे.

दुसरे घर माझे, मुंबईला गोरेगावातले, तिसऱ्या मजल्यावरचे. इथे कुरडया वाळवायच्या म्हणजे वाट पाहण्याची तपश्चर्या. मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकावे लागतात, नाहीतर मीठ ओले होऊन बरणीशी एकरूप होते. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी मखमल उगवते. भाजलेला पापड वरणभात वाढेपर्यंत मान टाकतो. मुंबईत बिऱ्हाड केले त्या पहिल्या उन्हाळ्यात मी हौसेने माठ आणला. दोन दिवस वाट पाहिली, पाणी काही गार होईना. माठवाल्याशी जाऊन भांडलो. तो बिचारा म्हणाला, "साहेब, माठ चांगला आहे." मला ते पटले नाही. तो खरे बोलत होता, हे कळायला मला फार वर्षे लागली.

आता हकीकत. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत आई गेली. आप्पा महालातल्या घरात मागे राहिले. वय चौऱ्याऐंशी. शेजारच्या खणांत माझा चुलतभाऊ आणि त्याची बायको-मुले राहतात. तरी माझ्या जिवाला चैन नव्हती. एप्रिल संपत आला तशी वर्तमानपत्रात उष्माघाताच्या बातम्या येऊ लागल्या. रोज सकाळी मी शहरांच्या तापमानाचा तक्ता वाचायचा. नागपूर ४४, मुंबई ३३. अकरा अंशांचा सरळ सरळ फायदा! सारा जन्म बेरीज-वजाबाकीत घालवलेल्या माणसाला आणखी काय पटवून द्यायला हवे? मी नागपूर गाठले आणि आप्पांना म्हणालो, "आता हट्ट पुरे. तुम्ही मुंबईला चला." ते म्हणाले, "अरे, इथे मला काही होत नाही." मी वर्तमानपत्र पुढे केले. आप्पांनी शाळेत सदतीस वर्षे विज्ञान शिकवले. आकड्यापुढे ते कधी बोलत नाहीत. ते आले.

आठ दिवस बरे गेले. म्हणजे ते बरे गेले असे आम्हाला वाटले. आप्पांची झोप उडाली होती, जेवण निम्म्यावर आले होते, पण विचारले की "ठीक आहे" म्हणत. नवव्या दिवशी आम्हाला कल्याणला लग्नाला जायचे होते. आप्पांचे जेवण झाकून ठेवून आम्ही निघालो आणि परत यायला पाच वाजले. जिन्यातच कळले, दुपारी बारापासून वीज नाही.

दार उघडले तो आतून कढत वाफ अंगावर आली. सगळ्या खिडक्या बंद. खिडक्यांवर आणि बाल्कनीच्या दारावर पिळून टांगलेल्या ओल्या चादरी. फरशीवर पाणी शिंपडलेले. आणि खोलीच्या मध्यभागी खुर्चीवर आप्पा. बनियन भिजून अंगाला चिकटलेले, चेहरा पांढरा, मान एका बाजूला. मी हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मला माझ्या काकांच्या नावाने हाक दिली. काका वारले त्याला वीस वर्षे झाली होती.

पुढचा अर्धा तास मला नीट आठवत नाही. सौ.ने चादरी ओढून काढल्या, खिडक्या उघडल्या. आम्ही आप्पांना बाल्कनीत आणले, अंग पाण्याने पुसत राहिलो, पुठ्ठ्याने वारा घालत राहिलो. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले आणि आप्पांना लगेच इस्पितळात हलवले. रात्रभर सलाईन चालू होते. पहाटे आप्पा माणसांत आले. डॉक्टर एवढेच म्हणाले, "वेळेवर घरी आलात." त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग मी अजूनही कधी कधी रात्री पुरा करतो.

वीज नाही, कूलर नाही, अशा वेळी नागपूरचा माणूस जे करील तेच त्यांनी केले होते. दारे बंद करून उन्हाला बाहेर ठेवले आणि ओल्या कापडाने घर गार करायला घेतले. सत्तर वर्षे ज्या युक्तीने त्यांना उन्हाळ्यातून पार नेले, तीच त्या दिवशी त्यांच्या जिवावर उठली होती.

दुसऱ्या दिवशी पलंगावर उशीला टेकून बसल्या बसल्या त्यांनी मला विचारले, "काल पारा किती होता रे?"

"तेहतीस," मी म्हणालो.

"ओला की कोरडा?"

मला वाटले, आप्पा अजून पुरते शुद्धीवर नाहीत. ते मात्र हसत होते. "सदतीस वर्षे पोरांना हेच शिकवले," ते म्हणाले, "आणि चादर टांगताना मीच विसरलो."

घरी आल्यावर त्यांनी मला दोन साधे तापमापक आणायला लावले. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळली, तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडले आणि दोन्ही बाल्कनीत सावलीत टांगून पुठ्ठ्याने वारा घातला. शाळेच्या प्रयोगशाळेत हे उपकरण आम्हीही पाहिले होते. परीक्षेत त्याची आकृती काढून दोन गुण मिळवले होते आणि विसरलो होतो. थोड्या वेळाने कोरड्या फुग्याचा पारा ३३ वर थांबला. ओल्या फुग्याचा २८ वर.

"आता नागपूरला फोन लाव," आप्पा म्हणाले. महालातल्या घरी त्यांच्या कपाटात तापमापकांची जुनी जोडी होती. चुलतभावाने ती बाहेर काढली, सांगितल्याप्रमाणे चिंधी बांधली, चौकातल्या सावलीत टांगून वारा घातला. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. "दादा, कोरडा चव्वेचाळीस. अन् ओला तेवीस दाखवून राह्यला! बिघडला का जी?"

तो बिघडलेला नव्हता. बिघडला होता माझा हिशेब. ज्या अकरा अंशांच्या फायद्यासाठी मी आप्पांना घरातून उठवून आणले, तो कोरड्या फुग्याचा होता. ओल्या फुग्याप्रमाणे पाहिले तर मी त्यांना पाच अंशांनी अधिक तापलेल्या गावी आणले होते. आणि माणसाचे शरीर, आप्पांच्या शब्दांत सांगायचे तर, "दोन पायांवर चालणारा ओला फुगा" आहे.

त्यांनी मला जे समजावले ते थोडक्यात असे. आपण नुसते बसलो असलो तरी शरीर शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत तयार करीत असते. आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायचे तर ही उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. हवा गार असेल तेव्हा ती आपोआप जाते. हवा कातडीइतकी तापली की एकच वाट उरते, ती घामाची. पण घाम आल्याने माणूस गार होत नाही. घाम वाळल्याने होतो. एक लिटर घाम अंगावरून वाळून गेला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एवढ्या उष्णतेत साधे सात लिटर पाणी चुलीवर उकळीला आले असते. तोच घाम हनुवटीवरून टपकून फरशीवर पडला तर जवळजवळ फुकट गेला.

आता तो वाळणार की टपकणार हे हवा ठरवते. नागपूरची मे महिन्यातली हवा तहानलेली असते. मिळेल तेवढे पाणी पिते. म्हणून तिथे धोतर वाळते, माठ पाझरून गार होतो, कूलर चालतो, आणि घाम आला कधी नि वाळला कधी हे कळत नाही. मुंबईची हवा समुद्राच्या पंक्तीला रोज जेवून उठलेली. मे महिन्यात अरबी समुद्राचे पाणीच २९-३० अंशांवर असते. तो समुद्र मुंबईवर दोन गोष्टी करतो. दुपारचा वारा पाठवून पारा फार चढू देत नाही. आणि त्याच वाऱ्याबरोबर इतकी वाफ पाठवतो की घामाला जायला जागा उरत नाही. माझा तो माठ गार झाला नाही याचेही कारण हेच. माठवाल्याची क्षमा मागावी असे वाटले. पण ते दुकान जाऊनही आता पंचवीस वर्षे झाली.

आप्पांनी आणखी एक प्रयोग केला, आणि तो पाहताना माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी खोलीच्या खिडक्या लावल्या, ओल्या चादरी टांगल्या, दोन्ही तापमापक आत ठेवले आणि आम्ही बाहेर थांबलो. अर्ध्या तासाने पाहिले तर कोरडा ३२ वर आला होता. ओला ३० वर चढला होता. "बघ," ते म्हणाले, "पारा एक अंशाने उतरला म्हणून मी खुश होतो. पण खोलीतली हवा मी स्वतःच्या हाताने तुडुंब भरली." कूलरला समोरची खिडकी उघडी लागते ती याचसाठी. ओली हवा बाहेर जाईल तरच कोरडी आत येईल. आणि नागपुरातसुद्धा मृग लागून पहिला पाऊस पडला की कूलर रुसतो, पंधरा दिवस जीव नकोसा होतो. पारा खाली आलेला असतो, ओला फुगा मात्र वर गेलेला असतो.

सौ. हे सारे ऐकत होती. ती म्हणाली, "उन्हाळ्याचे समजले. पण थंडीचे काय? दिल्लीच्या थंडीत माझी हाडे गोठली होती, आणि हे सांगतात की लेहला यांना छान वाटले!"

प्रश्न बरोबर होता. माझी बहीण दिल्लीला असते. एकदा जानेवारीत आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा आठ दिवस धुके पडले होते. सकाळी पारा ६ अंशांवर, दुपारी फार तर १३-१४. सूर्य म्हणजे आकाशात अडकलेला कागदाचा चांदोबा. रजईत शिरावे तर ती आतून दमट आणि गार. धुतलेले कपडे चार दिवस वाळत नसत. बहीण शेवटी इस्त्री फिरवून ते वाळवायची. घरातली फरशी अशी की तीवर उभे राहिले तर थंडी थेट गुडघ्यापर्यंत चढायची.

आणि त्याच्या दोन वर्षे आधी, बँकेच्या तपासणीच्या कामाने, मी फेब्रुवारीत लेहला गेलो होतो. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर. तिथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून पडते ते पाणी जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास. आपल्या महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या दिवशी त्याहून जास्त पडून जाते. रात्री पारा शून्याखाली पंधरा अंश. बादलीतले पाणी सकाळी दगड झालेले. पहिले दोन दिवस विरळ हवेने दम लागला, तेव्हा अंथरुणातच काढले. तिसऱ्या दिवशी उन्हात भिंतीला पाठ लावून बसलो आणि अर्ध्या तासाने अंगातला कोट काढून ठेवला! सावलीत गेलो की हुडहुडी, उन्हात आलो की ऊब. तिथले लोक गमतीने सांगतात की, डोके उन्हात आणि पाय सावलीत ठेवून बसलेल्या माणसाला एकाच वेळी ऊनही लागेल आणि हिमदंशही होईल. मी धुऊन टाकलेला सदरा दोरीवर फळीसारखा ताठ झाला. मला वाटले, आता हा वसंत ऋतूतच मिळणार. पण तो तसाच ताठ राहून हळूहळू वाळला. बर्फाचे पाणी न होताच त्याची वाफ होऊन गेली होती. ओठ मात्र फुटले, नाकातून रक्त आले, आणि घोंगडी ओढली की अंधारात ठिणग्या उडत.

आप्पांनी कागद-पेन्सिल घेतली. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी हवेची पेटी कल्पा. तिच्यात पाण्याची वाफ किती ग्रॅम असेल? त्यांचा हिशेब असा निघाला. मुंबईच्या ३३ अंशांच्या दमट दुपारी सुमारे २५ ग्रॅम. नागपूरच्या ४४ अंशांच्या झळांत सुमारे ९. दिल्लीच्या ६ अंशांच्या दाट धुक्यात सुमारे ७. लेहच्या रात्री, हवा अगदी काठोकाठ भरलेली धरली तरी, दीड ग्रॅमसुद्धा नाही.

हे आकडे पाहून मी चकित झालो. म्हणजे दिल्लीचे ते ओलेचिंब धुके नागपूरच्या कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यापेक्षाही कमी वाफ बाळगून असते! कारण थंड हवेचे पोटच लहान. सात ग्रॅमनी तिचे पोट भरते आणि उरलेले दवाचे थेंब होऊन कपड्यांवर, भिंतींवर, रजईवर बसते. तापलेल्या हवेच्या पोटात साठ ग्रॅम मावतील, तिथे नऊ म्हणजे उपवासच. वर्तमानपत्रात आर्द्रता म्हणून जो टक्का छापतात तो या पोटाच्या भरलेपणाचा असतो. आतल्या पाण्याच्या मापाचा नव्हे.

मग दिल्लीत हाडे गोठतात ती का? आप्पांचे म्हणणे, तिथे दोष हवेतल्या वाफेचा थोडा आणि बाकीच्या गोष्टींचा फार. लोकर आणि कापूस आपल्याला ऊब देतात ते त्यांच्यात अडकलेल्या कोरड्या हवेच्या जोरावर. कपडा दमटला की त्या हवेच्या जागी पाणी येते, आणि पाणी उष्णता हवेपेक्षा कितीतरी लवकर वाहून नेते. धुके सूर्याला अडवते. लेहला तोच सूर्य कोटासारखा अंगावर असतो. आणि दिल्लीची घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली. लेहची मातीच्या जाड भिंतींची, दक्षिणेकडे तोंड केलेली, मध्ये शेगडी धगधगणारी. तिथला माणूस थंडीला शत्रू म्हणून ओळखतो आणि सज्ज असतो. दिल्लीचा माणूस दर जानेवारीत नव्याने चकित होतो. आमचा मुंबईकर तर १६ अंशांना कानटोपी काढतो. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. त्या नीचांकाची आठवण जुने मुंबईकर अजून लढाईच्या गोष्टीसारखी सांगतात.

इथवर सारे गमतीचे. पण आप्पांनी शेवटी जे सांगितले ते गमतीचे नव्हते. ओल्या फुग्याचा पारा ३५ वर पोचला तर धडधाकट माणूससुद्धा, सावलीत, पंख्याखाली, हवे तेवढे पाणी पिऊनही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही. कारण घाम वाळण्याची वाट पुरतीच बंद होते. अलीकडे तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले. त्यांत दमट हवेत ओला फुगा ३१ च्या आसपास आला तेव्हाच शरीराचा तोल जाऊ लागल्याचे दिसले. म्हाताऱ्यांची मर्यादा त्याहूनही खाली. वय वाढले की तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. आमच्या बंद खोलीत ओला फुगा ३० वर होता.

मुंबईकरांना हे दूरचे वाटू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या एका सोहळ्यात भर दुपारी बसलेल्यांपैकी चौदा माणसे उष्माघाताने दगावली. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. नागपूरकर त्या आकड्याला उन्हाळा म्हणायलाही तयार होणार नाही. पण समुद्राजवळचे ३८ आणि महालातले ३८ एक नव्हेत. आणि हवा दिवसेंदिवस तापते आहे, तसे तिचे पोटही वाढते आहे; तापमान एक अंशाने वाढले की ती सुमारे सात टक्के वाफ अधिक बाळगू शकते.

म्हणजे नागपूरचे ऊन निरुपद्रवी असे समजू नये. तेही माणसे मारते, फक्त त्याची रीत निराळी. तिथे घाम दिसत नाही, म्हणून अंगातले पाणी किती गेले हे कळत नाही. ४४ अंशांत नुसता पंखा लावला आणि अंग कोरडे असले तर तो पंखा भात्यासारखा उष्णताच आत ढकलतो. मुंबईची हवा आपल्याला चिकटून, त्रास देऊन सावध करते. नागपूरची गोड बोलून खिसा कापते. दोन्हीकडे औषध पाणीच. नागपुरात ते अंगावर, ताटीवर आणि पोटात. मुंबईत पोटात, आणि अंगावर घेतले तर उघड्या खिडकीत, वाऱ्यात.

जून संपता संपता, पाऊस स्थिरावल्यावर, आप्पा म्हणाले, "मला घरी पोचव." मी पुन्हा वाद घातला नाही. आमचा एक करार झाला, आणि तो ऐकून नातेवाईक अजून हसतात. लोक उन्हाळ्यात नागपूर सोडून पळतात. आमचे आप्पा उन्हाळ्यासाठी नागपूरला जातात. तुळशीचे लग्न झाले की ते मुंबईला येतात, नागपूरची बोचरी थंडी टाळतात. २९ डिसेंबर २०१८ ला तिथे पारा साडेतीन अंशांवर गेला होता, हे ते मला स्वतःच आठवण करून देतात. होळी झाली की परत. मी तिथे वीज गेली तरी कूलर चालेल अशी बॅटरी बसवून दिली आहे. चुलतभावाचा मुलगा दुपारी दोनदा डोकावतो.

आणि मार्च ते जून, रोज दुपारी दोन वाजता, मी फोन करतो. माझा विश्वास आता वर्तमानपत्रातल्या तक्त्यावर उरलेला नाही. आप्पा दोन आकडे सांगतात, कोरडा आणि ओला. मी ते वहीत लिहून घेतो, शेजारी मुंबईचे दोन मांडतो. मग मी तिसरा आकडा विचारतो: सकाळपासून पाण्याचे तांबे किती झाले? इथे सदतीस वर्षे शिकवलेला मास्तर एकदम शाळकरी पोर होतो. "तीन," ते म्हणतात. मागून माझ्या वहिनीचा आवाज येतो, "दोनच जी, खोटं बोलून राह्यले!"

"आप्पा," मी म्हणतो, "तिसरा आता, माझ्या समोर."

फोनमधून तांब्या उचलल्याचा, पाणी पेल्यात पडल्याचा आवाज येतो. मी तो पुरता ऐकतो आणि मगच फोन खाली ठेवतो.